जर्मनीतलं ‘फुकट’ शिक्षण: ते बारा लाख कशाचे, आणि बाकीचे गैरसमज

गेल्या महिन्यात सांगलीकडच्या ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. त्यांचा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मास्टर्सला जर्मनीला यायचं त्याच्या डोक्यात आहे, आणि मी इथेच शिकून आता नोकरी करते म्हणून त्यांनी मला विचारलं. “अगं पोरी, बारा लाखांची सोय झाली बघ,” काका म्हणाले, “चार पाहुण्यांकडून तीन-तीन लाख उचलतोय, व्हिसाच्या वेळी खात्यात दाखवायचे, व्हिसा झाला की दोन महिन्यांत ज्याचे त्याला परत. शिक्षण तर फुकटच आहे ना तिकडं.”

माझ्या पोटात गोळाच आला, कारण काका अगदी प्रामाणिक माणूस, घेतलेला शब्द पाळणारा, आणि ते ज्या हिशोबावर पाहुण्यांना शब्द देत होते तो हिशोबच मुळात चुकीचा होता. हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकलाय की एकदा नीट सगळं लिहून काढावं असं वाटलं.

तर आधी ते बारा लाख. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात, जर्मनमध्ये श्पेरकोंटो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, त्याआधी ११,२०८ होती. युरोचा भाव शंभरच्या आसपास धरला की बारा लाख होतात. आपल्याकडे ‘बॅलन्स दाखवणे’ हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो, म्हणजे पैसे काही दिवस खात्यात ठेवायचे, स्टेटमेंट काढायचं आणि मग काढून घ्यायचे. इथे तसं चालत नाही. नावातच आहे बघा, ब्लॉक्ड. पैसे व्हिसाच्या आधी भरायचे, आणि मुलगा जर्मनीत पोचला, पत्त्याची नोंद झाली, इथलं साधं बँक खातं उघडलं की दर महिन्याला ९९२ युरो त्याच्या खात्यात सुटतात. तेवढेच. एकदम सगळे काढून पाहुण्यांना परत पाठवता येत नाहीत, आणि आले तरी तो खाणार काय, राहणार कुठे? ते पैसे म्हणजे त्याचं वर्षभराचं जेवण आणि भाडं आहे. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते, थोडे चार्जेस कापून. पण व्हिसा झाला तर ते पैसे खर्च होणारेत असंच धरायचं.

म्हणजे ती फीसुद्धा नाही आणि दाखवायची रक्कमसुद्धा नाही, तो खर्चच आहे, फक्त आधी भरलेला. आणि मास्टर्स दोन वर्षांचं असतं. वर्षभराने किंवा परवान्यावर जी तारीख असेल त्या सुमाराला रेसिडन्स परमिट वाढवायला गेलं की परदेशी नागरिकांचं ऑफिस पुन्हा विचारतं, पुढचं कसं भागवणार ते दाखवा. तेव्हा नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट तरी लागतं नाहीतर पुन्हा खात्यात पैसे.

आता ९९२ युरोत काय होतं ते सांगते, माझ्याच पहिल्या हिवाळ्याचा अंदाज. मी पूर्वेकडच्या एका मध्यम गावात होते, तिथे हॉस्टेलच्या खोलीला तेव्हा ३०० च्या आत भाडं होतं, पण म्युनिकमध्ये शिकणारी माझी मैत्रीण तशाच खोलीला ६०० च्या वर देत होती. मग हेल्थ इन्शुरन्स, तो सक्तीचा आहे, विद्यार्थ्यांच्या सरकारी दराने आता महिना १४० ते १५० युरोच्या आसपास जातो, आणि हा दर साधारण तिशीपर्यंतच मिळतो हे उशिरा शिकायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. टीव्ही-रेडिओची वर्गणी म्हणून एका घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. किराणा, फोन, आणि नोव्हेंबरात लागणारं जाड जॅकेट आणि बूट. छोट्या गावात ९९२ मध्ये नीट भागतं, महागड्या शहरात ओढाताण होते. म्हणून शहर निवडताना रँकिंगच्या आधी खोलीचं भाडं बघा असं मी सगळ्यांना सांगते.

मग फुकट काय आहे? सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, हे खरं आहे आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे. दर सेमिस्टरला एक वर्गणी भरायची, ती विद्यापीठाप्रमाणे साधारण १०० ते ३५० युरो, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच ट्राम-बस-ट्रेनचा पास येतो. पण ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरूहे, फ्रायबुर्ग ही सगळी गावं जिथे येतात तिथे, २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी लावली. दोन वर्षांची चार सेमिस्टर धरा आणि गुणा, म्हणजे ‘जर्मनी फुकट’ हे वाक्य कुठे लागू होतं आणि कुठे नाही ते कळेल.

याच्या पुढचा गैरसमज जास्त महागात पडतो. तो म्हणजे कन्सल्टन्सी फुकट मदत करते. मी स्वतः पुण्यात एका ऑफिसात गेले होते, एसी, भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा, समोर चहा. माझी मार्कशीट बघून समोरच्या सरांनी पाच मिनिटांत तीन नावं लिहून दिली, आणि म्हणाले अॅडमिशन शंभर टक्के, सर्व्हिस चार्ज शून्य. घरी येऊन बघितलं तर तिन्ही खासगी संस्था, फी वर्षाला हजारो युरो. सरकारी विद्यापीठाचं एकही नाव नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं की खासगी कॉलेजं प्रत्येक अॅडमिशनमागे एजंटला कमिशन देतात आणि सरकारी विद्यापीठं देत नाहीत, म्हणून फुकट सल्ल्यात सरकारी विद्यापीठ सहसा येतच नाही. सगळी खासगी कॉलेजं वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, काही चांगली आहेत. पण मुलाला वाटतं आपण जर्मनीला ‘फुकट’ चाललोय आणि बाप वीस-पंचवीस लाखांच्या कर्जावर सही करतो, हे बघवत नाही मला.

आणि खरं सांगायचं तर कोर्स शोधायला एजंटची गरजच नाही. डाड म्हणजे जर्मनीची १९२५ पासूनची शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था, तिच्या साइटवर इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्सेसची यादी आहे, त्यात विषय, शहर, फी, भाषेची अट, शेवटची तारीख सगळं दिलंय, पैसे लागत नाहीत. कोणतीही परदेशी संस्था जर्मन सरकार मानतं की नाही हे बघायला आनाबिन नावाची सरकारी यादी आहे, तुमचं भारतातलं कॉलेज किंवा युनिव्हर्सिटी त्यात कुठल्या दर्जात आहे ते आधीच बघून घ्या. एक वीकेंड बसलं की कळतं सगळं.

एपीएसचं थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्री खऱ्या आहेत याची पडताळणी, फी १८,००० रुपये. ही काही प्रवेश परीक्षा नाही, पण वेळ खाते, आणि शेवटच्या महिन्यात अर्ज करणाऱ्या मुलांचं सेमिस्टर इथेच हुकतं. बऱ्याच कोर्सेसची हिवाळी प्रवेशाची मुदत १५ जुलै असते आणि काहींची त्याच्याही खूप आधी संपते.

बारावीनंतर थेट बॅचलरला येता येतं का हा प्रश्न आयांकडून जास्त येतो. नुसत्या बारावीवर सहसा नाही. एकतर इथे श्टुडिएनकोलेग नावाचा वर्षभराचा तयारीचा कोर्स करायचा, किंवा भारतात डिग्रीचं पहिलं वर्ष पास होऊन त्याच विषयात यायचं, किंवा जेईई अॅडव्हान्स्ड पास असाल तर टेक्निकल विषयांना थेट अर्ज करता येतो. शिवाय सरकारी विद्यापीठांत बॅचलर बहुतेक जर्मनमधूनच असतं.

आता मार्क. “माझा सीजीपीए आठ आहे, मिळेल ना?” जर्मनीत उलटं असतं, १.० सर्वात चांगला, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. रूपांतराला एक फॉर्म्युला वापरतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात: जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग याने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. काकांच्या मुलाचा सीजीपीए ७.४, स्केल दहाची, पासिंग चार. दहातून ७.४ गेले की उरले २.६, भागिले सहा, गुणिले तीन, झाले १.३, अधिक एक, म्हणजे २.३. बऱ्याच कोर्सेसची अट २.५ च्या आतली असते, तर हा पोरगा बसतो त्यात. पण तुमच्या युनिव्हर्सिटीचं पासिंग पाच धरलं गेलं तर तोच आकडा २.५६ होतो आणि काठावरून बाहेर जातो, म्हणून मार्कशीटच्या मागे पासिंग काय छापलंय ते बघा आणि कॉलेजकडून तसा कागद घेऊन ठेवा.

परीक्षांबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचंय, कारण याबद्दल येण्याआधी मला कोणीच बोललं नव्हतं. आपल्याला एटीकेटीची सवय असते. विषय राहिला तर राहिला, पुढच्या सेमिस्टरला सुटेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांत एका सक्तीच्या परीक्षेला साधारण तीन प्रयत्न असतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं, आणि त्यावर कडी म्हणजे तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. माझ्या बॅचला नगरकडचा एक मुलगा होता, अतिशय कष्टाळू, पण पहिलं वर्षभर रात्री गोडाऊनमध्ये पार्सल उचलायचा कारण घरचा हप्ता सुरू झाला होता. कंट्रोल सिस्टिमचा पेपर दोनदा गेला. तिसऱ्या वेळी निकाल लागला त्या दुपारी आम्ही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात होतो, कुकरची शिट्टी होत होती, आणि तो लॅपटॉपवर पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होता. ५.०. त्याने लॅपटॉप बंद केला आणि गॅसपाशी जाऊन उभा राहिला, कोणी काही बोललं नाही. व्हिसा शिक्षणावर असतो, शिक्षण गेलं की तोही डळमळतो. तो पुढे दुसऱ्या विषयात प्रवेश घेऊन राहिला, पण दीड वर्ष आणि घरचे कितीतरी लाख गेले.

कोर्सला वर्गात हजेरी बऱ्याचदा सक्तीची नसते, इंटर्नल मार्क नसतात, वर्षभर कोणी विचारत नाही आणि सेमिस्टरच्या शेवटी दीड-दोन तासांचा एक पेपर, त्यावरच सगळं. एका सेमिस्टरला ३० क्रेडिट अपेक्षित असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास अभ्यास धरलेला असतो, म्हणजे सेमिस्टरला साडेसातशे ते नऊशे तास. आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच द्यावं लागतं, पेपर बुडवून चालत नाही. प्रवेश मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या कोर्सची परीक्षा नियमावली डाउनलोड करून वाचणं, जर्मनमध्ये असली तरी ट्रान्सलेट करून वाचा.

म्हणूनच पार्ट टाइमच्या गोष्टी जपून ऐका. “महिना लाख रुपये मिळतात म्हणे.” कागदावर खरंय: २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, आठवड्याला वीस तास केले तर महिन्याला हजार-अकराशे होतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आधी १२० आणि २४० होते. पण हे काम विमानतळावर उतरल्या उतरल्या कोणी हातात देत नाही. कॅफेत, बेकरीत, दुकानात गिऱ्हाईकाशी जर्मन बोलावं लागतं, ते नसेल तर उरतं गोडाऊन आणि रात्रपाळी, आणि छोट्या गावात तेही कमी. विद्यापीठात प्रोफेसरच्या हाताखाली हिवीचं, म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचं काम किंवा कंपनीत वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून काम मिळालं तर उत्तम, अभ्यासाशी जोडलेलं असतं, पण त्याला बहुतेकांना एक-दोन सेमिस्टर जातात. म्हणून पहिल्या वर्षाचा हिशोब पार्ट टाइमची कमाई शून्य धरूनच करा, आणि कर्जाचा हप्ता पोराच्या पार्ट टाइममधून जाईल असं तर कधीच धरू नका.

भाषेबद्दल “कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला” असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की वर्ग इंग्रजीत असतो, घरमालक, डॉक्टर, नगरपालिका, विम्याचं पत्र आणि नोकरीचा इंटरव्ह्यू नसतो. पुण्यात राहणाऱ्यांचं तर नशीब चांगलं, जर्मन शिकायला फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, मुंबईकरांना काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आहे. निघण्याआधी बी१, म्हणजे ए१ आणि ए२ नंतरची जर्मनची तिसरी पायरी, होऊन आलात तर इथली दोन वर्षं वेगळीच जातात. मी ए१ वर आले, आणि पहिले सहा महिने पोस्टाच्या पेटीतलं प्रत्येक पत्र फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून वाचलं.

डिग्रीनंतर पीआर, म्हणजे कायमचा राहण्याचा परवाना, आपोआप मिळतो हाही समज आहे. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, ही खरोखर मोठी सवलत आहे. जर्मन डिग्रीवर योग्य नोकरी लागली की दोन वर्षं नोकरी आणि पेन्शनचे हप्ते झाल्यावर, बी१ जर्मन असेल तर, कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. या सगळ्यात ‘नोकरी लागली की’ हा टप्पा तुमचा तुम्हालाच पार करायचाय.

शिक्षणाऐवजी व्हॉलंटिअर म्हणून जायचं म्हणणारी मुलंही आता विचारतात. जर्मनीत बुंडेसफ्रायविलिगेनडिन्स्ट म्हणून योजना आहे, २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबली तेव्हा तिच्याऐवजी दवाखान्यात, वृद्धाश्रमात सेवा करणारी मुलंही येणं बंद झालं, ती पोकळी भरायला ही सुरू झाली. भारतातली मुलंही येतात. पण ही फिरायची सोय नव्हे, साधारण वर्षभर पूर्ण वेळ आजी-आजोबांना अंघोळ घालणं, भरवणं, बिछाने बदलणं असं काम असतं, जर्मन यावं लागतं, आणि बदल्यात काहीशे युरो हातखर्च आणि विमा मिळतो, काही ठिकाणी राहणं-खाणंही. थोडक्यात पैसे संस्था तुम्हाला देते, तुम्ही संस्थेला नाही. या कामासाठी कोणी तुमच्याकडूनच लाखांत पैसे मागत असेल तर तिथेच उठून यायचं.

मुलीला एकटीला कसं पाठवायचं, हे काकूंनी फोनवर मागून विचारलं, त्यांची धाकटी आता बारावीला आहे. मी त्यांना इरावती कर्व्यांचं सांगितलं. १९२८ मध्ये, लग्न झालेलं असताना, सासऱ्यांची म्हणजे महर्षी कर्व्यांची नापसंती असताना त्या बर्लिनला गेल्या, काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर, आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आल्या. कवट्यांच्या मोजमापावर त्यांचं काम होतं, त्यांच्या जर्मन गाईडला गोऱ्या लोकांचं श्रेष्ठत्व त्यातून सिद्ध व्हायला हवं होतं, आणि इरावतीबाईंनी मोजमापं तसं काही दाखवत नाहीत असं सरळ लिहिलं. मला ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो. काकू म्हणाल्या, “म्हणजे तेव्हाही कर्जच काढलं होतं की.” हो, कर्ज काढलं होतं, आणि किती फेडायचंय ते माहीत असून काढलं होतं.

खोलीचं एक राहिलं. इथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, आणि या नोंदीशिवाय बँक, विमा, ब्लॉक्ड अकाउंट सगळंच अडतं. ऑनलाइन खोली शोधताना कोणी म्हणालं की मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरिअरने येईल, तर तो शंभर टक्के फसवणूक करतोय. विद्यार्थी हॉस्टेलला श्टुडिरेंडेनवेर्क नावाच्या संस्थेकडे अर्ज करायचा, प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी, कारण वेटिंग महिनोन्‌महिने असतं.

काकांनी पाहुण्यांना फोन करून नको सांगितलं. आता बँकेकडे एज्युकेशन लोनचं चाललंय, दोन वर्षांचा खर्च धरून, आणि पोरगा आठवड्याला पाच दिवस संध्याकाळी ए२ च्या क्लासला जातोय. काल त्याने डाडच्या यादीतले सहा कोर्स पाठवले, चार मी ठेवले, दोन बाडेन-व्युर्टेमबर्गमधले होते ते त्याने फी बघून स्वतःच काढले. एपीएस अजून यायचंय.